परदेश प्रवासासाठीचे लसीकरण आणि आरोग्यदक्षता

परदेश प्रवासासाठीचे लसीकरण म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या व्यक्तीने प्रस्थानापूर्वी घ्यावयाच्या लशी आणि त्यांची अधिकृत नोंद. या लशींचे हेतू दोन प्रकारचे असतात. काही लशी एखाद्या देशाच्या प्रवेशनियमांनी बंधनकारक केलेल्या असतात. त्यांचा मुख्य उद्देश प्रवाशाचे नव्हे, तर तो ज्या देशात उतरणार आहे तेथील लोकांचे संरक्षण हा असतो. उरलेल्या लशी कोणी मागत नाही. त्या प्रवाशाच्या स्वतःच्या हितासाठी असतात. विमानतळावर बहुधा पहिल्याच प्रकारच्या लशींची विचारणा होते. त्यामुळे ‘व्हिसासाठी काही मागितले नाही, म्हणजे काही लागत नाही’ असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे.

प्रस्तुत लेखात या विषयाची सर्वसाधारण माहिती भारतीय प्रवाशाच्या, आणि विशेषतः जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांतून निघणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने दिली आहे. या भागातून परदेशी जाणाऱ्यांत हज व उमराहचे यात्रेकरू, आखाती देशांत नोकरीसाठी जाणारे कामगार, रशिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स आदी देशांत वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी, नेपाळला तीर्थयात्रेसाठी जाणारे गट, अमेरिका-युरोपातील मुलांकडे काही महिने राहायला जाणारे ज्येष्ठ नागरिक आणि शेती, ठिबक सिंचन वा व्यापाराच्या कामासाठी आफ्रिकेत जाणारे तंत्रज्ञ यांचा समावेश होतो. या प्रत्येकाची गरज वेगळी असते.

इतिहास

प्रवाशाच्या आरोग्यावर सीमेवर लक्ष ठेवण्याची पद्धत लसीकरणापेक्षा जुनी आहे. जहाजे बंदराबाहेर रोखून धरणे, प्रवाशांना ठरावीक दिवस वेगळे ठेवणे हे उपाय युरोपात मध्ययुगापासून प्रचलित होते. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी तांबड्या समुद्रातील कामारान बेटावर १८८२ मध्ये विलगीकरण केंद्र सुरू झाले. पटकीच्या साथी यात्रेकरूंबरोबर पसरतात, ही भीती त्यामागे होती. भारतातून जाणाऱ्या यात्रेकरूंना पुढे अनेक दशके या बेटावरून जावे लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर मुंबई बंदरातून निघणाऱ्या माणसांकडे आणि मालाकडे जग संशयाने पाहू लागले. १८९७ मध्ये व्हेनिस येथे भरलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद प्लेगसाठीच होती, आणि त्याच वर्षी भारत सरकारने हज यात्रा स्थगित केली. साथरोग अधिनियमही १८९७ चाच. या साथीतच वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेचे पुढे १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे नामकरण झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या स्थापनेनंतर १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्यनियम प्रथम संहिताबद्ध झाले. त्यांत पटकी, प्लेग, देवी, पीतज्वर, टायफस आणि पुनरावर्ती ज्वर असे सहा रोग होते. त्या काळी परदेशी जाणाऱ्या भारतीयाच्या पारपत्रासोबत देवी आणि पटकीच्या टोचणीची पुस्तिका असे. पटकीची लस प्रसार रोखण्यास फारशी उपयोगी नाही, हे लक्षात आल्यावर १९७३ मध्ये तिच्या प्रमाणपत्राची तरतूद वगळण्यात आली. मे १९८० मध्ये देवीचे निर्मूलन जाहीर झाले आणि पुढील वर्षी देवीही नियमांतून गेली. सध्या अमलात असलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम २००५ मध्ये संमत होऊन १५ जून २००७ पासून लागू झाले. त्यांत लशीच्या प्रमाणपत्रासाठी नावाने नमूद केलेला एकच रोग उरला आहे, तो म्हणजे पीतज्वर.

पीतज्वर

पीतज्वर (यलो फीवर) हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण कटिबंधीय भागांत आढळणारा विषाणुजन्य रोग आहे. त्याचा प्रसार प्रामुख्याने एडिस इजिप्ती जातीच्या डासामार्फत होतो. गंभीर रुग्णांत कावीळ आणि रक्तस्राव होतो व त्यांतील बरेच रुग्ण दगावतात. रोगावर विशिष्ट औषध नाही. भारतात पीतज्वराचा स्थानिक प्रसार कधीही नोंदला गेलेला नाही. परंतु तो पसरवणारा डास येथे सर्वत्र आहे; खानदेशातील गावोगावी पावसाळ्यानंतर डेंग्यू पसरवणारा डास तोच. म्हणजे रोगाच्या प्रसारासाठी लागणाऱ्या सर्व गोष्टी येथे हजर असून केवळ विषाणूची उणीव आहे. म्हणूनच पीतज्वराबाबत भारताचे नियम जगातील कडक नियमांत मोडतात.

भारतीय विमान (सार्वजनिक आरोग्य) नियम, १९५४ आणि भारतीय बंदर आरोग्य नियम, १९५५ यांच्या आधारे विमानतळ व बंदरांवरील आरोग्य अधिकारी ही तपासणी करतात. पीतज्वर असलेल्या देशातून येणाऱ्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला त्या भागातून निघाल्यापासून ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. सहा दिवस हा रोगाचा नियमांत धरलेला उद्भवन काळ आहे. हा नियम परदेशी नागरिकांइतकाच परतणाऱ्या भारतीयांनाही लागू होतो. केनियात आठ दिवसांची सहल करून मुंबईला उतरलेल्या आणि लस न घेतलेल्या जळगावच्या पर्यटकाला स्वतःच्याच देशात अडकून पडावे लागते. लस परदेशाला हवी असते ही कल्पना येथे उलटी पडते: अनेकदा ती मायदेशी परतण्यासाठी हवी असते.

लस घेतल्यानंतर प्रमाणपत्र लगेच वैध होत नाही. टोचणीच्या दहाव्या दिवसानंतर ते अमलात येते. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात लस घेणाऱ्याच्या हातात कागद असतो, पण त्याला किंमत नसते. पूर्वी प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची होती. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी वैध धरले जाते आणि त्याआधी दिलेल्या प्रमाणपत्रांनाही हा नियम लागू आहे. जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची तारीख छापलेली दिसली म्हणून पुन्हा टोचून घेण्याची गरज नसते.

ही लस १७डी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षीण केलेल्या जिवंत विषाणूपासून बनते. तो १९३० च्या दशकात मॅक्स थेलर यांनी विकसित केला आणि त्यासाठी त्यांना १९५१ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढवला जात असल्याने अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना लस देत नाहीत. सहा महिन्यांखालील बालके, प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण आणि थायमस ग्रंथीचे विकार असलेले यांनाही ती वर्ज्य आहे. नऊ महिन्यांखालील बालकांना ती सहसा दिली जात नाही. गर्भवती स्त्रिया, स्तनदा माता आणि साठ वर्षांवरील व्यक्तींच्या बाबतीत डॉक्टर धोका व लाभ तोलून निर्णय घेतात. वयाच्या साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण, एरवी अत्यल्प असले तरी, तरुणांपेक्षा अधिक आढळते. ज्यांना लस देता येत नाही त्यांना डॉक्टर तसे वैद्यकीय पत्र देऊ शकतात. मात्र अशा प्रवाशाला प्रवेश द्यायचा की काही दिवस देखरेखीखाली ठेवायचे, हे उतरण्याच्या ठिकाणचे अधिकारी ठरवतात.

पीतज्वराची लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांतच ती दिली जाते आणि तेथील शिक्का असलेली पिवळी पुस्तिकाच ग्राह्य धरली जाते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना व बंदर आरोग्य संघटना यांची केंद्रे आहेत. केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालय प्रसिद्ध करते व ती वेळोवेळी बदलते. अनेक मात्रांची कुपी एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे केंद्रे ठरावीक वारी, आधी नोंदणी केलेल्यांनाच बोलावतात. येताना मूळ पारपत्र आणावे लागते, कारण त्याचा क्रमांक पुस्तिकेत लिहिला जातो.

हज व उमराह

हजच्या काळात मक्का, मिना, अराफात या परिसरात जगभरातील लाखो माणसे काही दिवस अत्यंत दाटीने राहतात. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांसाठी याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच असते. १९८७ च्या हजमध्ये मेनिंगोकॉकस जिवाणूमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या दाहाची मोठी साथ आली. ती या जिवाणूच्या ‘अ’ गटाची होती. तिच्यानंतर सौदी अरेबियाने यात्रेकरूंसाठी लस बंधनकारक केली. परंतु २००० व २००१ मध्ये ‘डब्ल्यू १३५’ या वेगळ्या गटाने साथ पसरवली. परतलेल्या यात्रेकरूंकडून ती युरोपातील कुटुंबीयांपर्यंत पोहोचली. तेव्हापासून चारही गटांविरुद्ध (ए, सी, वाय, डब्ल्यू १३५) संरक्षण देणारी लस आवश्यक आहे. ती सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. लशीच्या प्रकारानुसार प्रमाणपत्राची मुदत बदलते: साध्या पॉलिसॅकराइड लशीसाठी ३ वर्षे, संयुग्मित लशीसाठी ५ वर्षे. प्रमाणपत्रावर लशीचा प्रकार लिहिलेला नसेल तर कमी मुदत धरली जाण्याचा संभव असतो. म्हणून तो लिहून घेणे इष्ट.

महाराष्ट्रातील यात्रेकरू मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथून निघतात. हज समितीमार्फत निवड झालेल्यांसाठी जिल्हास्तरावर प्रशिक्षण आणि लसीकरणाची शिबिरे घेतली जातात. तेथे मेनिंगोकॉकसची लस, तोंडावाटे पोलिओचे थेंब आणि ज्येष्ठ व जोखमीच्या यात्रेकरूंना हंगामी इन्फ्लुएन्झाची लस दिली जाते. प्रौढ माणसाला पोलिओचे थेंब कशासाठी, असा प्रश्न शिबिरांत हमखास विचारला जातो. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. परंतु पाकिस्तान व अफगाणिस्तानात विषाणू अद्याप आहे आणि हजमध्ये त्या देशांतील यात्रेकरूही असतात. प्रौढ माणूस आजारी न पडताही विषाणू आतड्यात घेऊन घरी परतू शकतो आणि घरातील लहान मुलाला त्याची बाधा होऊ शकते.

उमराहचे यात्रेकरू हज समितीच्या व्यवस्थेत येत नाहीत. ते वर्षभर खासगी टूर कंपन्यांमार्फत जातात. मेनिंगोकॉकस लशीची अट त्यांनाही लागू आहे, पण शिबिर नसल्याने ती त्यांना स्वतःहून शोधावी लागते. या लशीचा साठा लहान शहरांतील औषध दुकानांत नेहमी असतोच असे नाही. बऱ्याचदा ती मागवून घ्यावी लागते.

साथीच्या रोगांवर लस आहे, उन्हावर नाही. जून २०२४ च्या हजमध्ये मक्केत तापमान ५१ अंश सेल्सिअसच्या वर गेले. सौदी अरेबियाने जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार त्या हंगामात १,३०१ यात्रेकरू मरण पावले. त्यांतील बहुसंख्य अधिकृत परवान्याविना आलेले, म्हणजे वातानुकूलित तंबू व वाहने न मिळालेले होते. खानदेशातील माणसाला उन्हाची सवय असते. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवे नाही. या सवयीचाच येथे तोटा होतो. घरी दुपारी अकरा ते चार सावलीत बसणारा माणूस यात्रेत त्याच वेळी गर्दीत कित्येक किलोमीटर चालत असतो आणि त्याचे वय बहुधा साठीच्या पुढचे असते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका अधिक असतो. प्रवासापूर्वी त्यांच्या मात्रेबाबत डॉक्टरांशी बोलणे आवश्यक ठरते.

शिक्षण आणि नोकरीसाठीच्या अटी

परदेशी विद्यापीठे प्रवेश देताना लसीकरणाचा बालपणापासूनचा पुरावा मागतात आणि येथे खानदेशातील विद्यार्थ्यांची एक विशिष्ट अडचण होते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बाळाला गोवर आणि रुबेला यांची संयुक्त लस मिळते. गालगुंडाची मिळत नाही. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे गोवर, गालगुंड व रुबेला अशा तिन्ही रोगांविरुद्धच्या लशीचे दोन डोस मागतात. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्व लशी वेळेवर घेतलेल्या मुलाचेही कागद अपुरे ठरतात. २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यात झालेल्या मोहिमेत ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांना शाळांतून दिलेली लसही गोवर-रुबेलाचीच होती. अशा विद्यार्थ्यांना तिन्ही रोगांविरुद्धच्या लशीचे दोन डोस किमान २८ दिवसांच्या अंतराने नव्याने घ्यावे लागतात, किंवा रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती सिद्ध करावी लागते. याशिवाय कांजिण्या, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला यांचा प्रौढांसाठीचा डोस, हिपॅटायटिस बी आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी मेनिंगोकॉकस यांची मागणी सामान्यतः असते.

क्षयरोगाची तपासणी हा वेगळा विषय आहे. भारतात जवळपास प्रत्येक बाळाला जन्मानंतर बीसीजी दिली जाते. त्यामुळे पुढे त्वचेवरील ट्युबरक्युलिन चाचणी होकारार्थी येऊ शकते आणि परदेशात विद्यार्थ्याला क्षयरोगाचा संसर्ग असल्याचा संशय घेतला जातो. रक्तावरील इंटरफेरॉन-गॅमा चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नसल्याने शक्य तेथे तीच करून घेणे सोयीचे. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहण्यासाठी व्हिसा मागणाऱ्या भारतीय रहिवाशांना तेथील सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच छातीचे क्ष-किरण चित्र काढून प्रमाणपत्र घ्यावे लागते. गावच्या रेडिओलॉजिस्टचा अहवाल त्यासाठी चालत नाही.

आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांची तपासणीही त्या देशांनी मान्य केलेल्या केंद्रांतच होते. त्यात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, क्षयरोग आदींचा समावेश असतो. पूर्वी होऊन बरा झालेल्या क्षयरोगाचा डाग क्ष-किरण चित्रात दिसला तरी उमेदवार अपात्र ठरू शकतो. दलालाला पैसे देण्याआधी, किमान शेत गहाण टाकण्याआधी, हे माहीत असणे महत्त्वाचे. साधे क्ष-किरण चित्र जिल्हा रुग्णालयात आधी काढून पाहता येते.

कोव्हिड-१९ च्या काळाने कागदाचे महत्त्व नव्याने दाखवले. जून २०२१ मध्ये परदेशी जाणारे विद्यार्थी, नोकरदार आणि ऑलिंपिक पथक यांना कोव्हिशील्डचा दुसरा डोस एरवीच्या ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनंतर घेण्याची मुभा देण्यात आली आणि कोविन प्रमाणपत्राशी पारपत्र क्रमांक जोडला जाऊ लागला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ही लस मान्य केली, परंतु भारतीय प्रमाणपत्र मान्य केले नाही. प्रमाणपत्रावर संपूर्ण जन्मतारीख देण्याची सोय त्याच सुमारास करण्यात आली. ११ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्ण लस घेतलेल्या भारतीयांसाठीचे विलगीकरण ब्रिटनने उठवले. नाव, जन्मतारीख आणि पारपत्र यांतील फरक हा आजही लसीकरणाच्या कागदांतील सर्वाधिक आढळणारा दोष आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि पारपत्रावर वडिलांच्या नावासह तिसरे, हा प्रकार ग्रामीण भागात विशेष दिसतो.

प्रवाशाच्या हिताच्या इतर लशी

विषमज्वर आणि हिपॅटायटिस ए यांच्या लशी पाश्चात्त्य पुस्तकांत भारतात येणाऱ्यांसाठी सुचवलेल्या असतात. त्यामुळे भारतीयांना त्या लागत नाहीत असे मानले जाते. हे अर्धेच खरे आहे. जुन्या पिढीतील बहुतेकांना हिपॅटायटिस एचा संसर्ग बालपणीच होऊन गेलेला असल्याने त्यांच्यात प्रतिकारशक्ती असते. शहरांत शुद्ध पाणी पिऊन वाढलेल्या आजच्या तरुणांत ती गृहीत धरता येत नाही. विषमज्वर मात्र एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो.

फिलिपिन्स, इंडोनेशिया किंवा आफ्रिकेत दीर्घकाळ राहणाऱ्यांनी रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेण्याचा विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीनुसार तिचे दोन डोस पुरतात, ० व ७ व्या दिवशी. लस घेतली असली तरी कुत्रा चावल्यावर जखम साबणाने १५ मिनिटे धुणे व पुढील डोस घेणे चुकत नाही. मात्र महागडे आणि परदेशात दुर्मीळ असलेले इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. आग्नेय आशियाच्या ग्रामीण भागात जपानी मेंदूज्वर, तर रशियाच्या जंगल भागात गोचिडीमार्फत पसरणारा मेंदूज्वर आढळतो. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांत घेतलेला नसेल तर तो कोणत्याही प्रवासापूर्वी घेणे योग्य.

पाकिस्तान, अफगाणिस्तान आदी पोलिओग्रस्त देश आणि भारत यांदरम्यान ये-जा करणाऱ्यांना प्रवासाच्या किमान चार आठवडे आधी पोलिओचे थेंब घेण्याचा नियम भारताने १ मार्च २०१४ पासून लागू केला आहे.

हिवताप

आफ्रिकेत जाणाऱ्या भारतीयाच्या जिवाला सर्वाधिक धोका पीतज्वराचा नसून हिवतापाचा असतो. तरीही पीतज्वराची पुस्तिका मागितली जाते म्हणून लस घेतली जाते आणि हिवतापाच्या गोळ्या कोणी विचारत नाही म्हणून त्या राहून जातात. सातपुड्याच्या पायथ्याच्या खानदेशाला हिवताप नवा नाही. ‘मलेरिया आपल्याकडेही होतो, चार दिवसांत उतरतो’ हे वाक्य येथील अनुभवातून आलेले असते. परंतु भारतात आढळणाऱ्या हिवतापाचा मोठा वाटा प्लास्मोडियम व्हायव्हॅक्सचा असतो, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जवळजवळ सर्व रुग्ण फाल्सिपेरमचे असतात. उपचाराला उशीर झाल्यास तो मेंदू, मूत्रपिंड आणि फुप्फुसे निकामी करून काही दिवसांत प्राण घेऊ शकतो. गावी पूर्वी होऊन गेलेला हिवताप त्यापासून वाचवत नाही.

प्रवाशांसाठी हिवतापाची लस नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ऑक्सफर्ड विद्यापीठासह विकसित केलेल्या आर-२१ लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली, पण ती रोगग्रस्त प्रदेशांतील बालकांसाठी आहे. प्रवाशाने गोळ्याच घ्याव्या लागतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल प्रवासाच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर ७ दिवसांपर्यंत रोज. डॉक्सिसायक्लिन तसेच रोज, परंतु परतल्यावर ४ आठवडे. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करून परतल्यावर ४ आठवडे. गर्भावस्था, मानसिक विकार, फेफरे आणि वय यांनुसार निवड बदलते, म्हणून ती डॉक्टरांनीच करावी. परतल्यानंतरच्या गोळ्या बंद करणे ही सर्रास होणारी चूक आहे. गोळ्यांसोबत औषधयुक्त मच्छरदाणी आणि संध्याकाळपासून अंगभर कपडे हे उपाय आवश्यक असतात, कारण कोणतीही गोळी पूर्ण संरक्षण देत नाही.

लस नसलेले धोके

प्रवासात होणाऱ्या मृत्यूंमागे संसर्गजन्य रोगांपेक्षा अपघात आणि हृदयविकार यांचा वाटा मोठा असतो. जळगाव जिल्ह्याला २०२४ मध्ये याचा दोनदा अनुभव आला. जूनच्या आरंभी रशियातील वेलिकी नोव्हगोरोद येथे वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडून मरण पावले; त्यांत जळगाव जिल्ह्यातील विद्यार्थी होते. २३ ऑगस्ट रोजी नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली आणि २७ जणांचा मृत्यू झाला. मृतांतील बहुतेक जण वरणगाव-भुसावळ परिसरातील होते आणि त्यांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने जळगावला आणण्यात आले. उत्तरेकडील नद्यांचे पाणी उन्हाळ्यातही अतिशय थंड असते आणि त्यात पोहणाऱ्याचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. तापी-गिरणेत पोहायला शिकलेल्यास याची कल्पना नसते. हिमालयातील रस्त्यांवर पावसाळ्यात आणि रात्री प्रवास टाळणे, ही सूचना यात्रा कंपनीच्या वेळापत्रकाशी बहुधा विसंगत असते. तरी ती देणे आवश्यक आहे.

कैलास-मानसरोवर, मुक्तिनाथ अशा उंच ठिकाणी जाणाऱ्यांना विरळ हवेचा त्रास होतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही प्राथमिक लक्षणे दिसताच वर जाणे थांबवावे. बसल्या जागी धाप लागणे किंवा तोल जाणे या लक्षणांवर खाली उतरणे हाच मुख्य उपचार आहे. यात्रेचा खर्च भरलेला असल्याने लक्षणे लपवण्याकडे कल असतो.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी औषधे हातातील पिशवीत न्यावीत. इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात गोठून निकामी होऊ शकते. सोबत डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी असावी आणि तीत औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेले असावे, कारण भारतीय व्यापारी नावे परदेशात कोणी ओळखत नाही. ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधे व काही झोपेच्या गोळ्या भारतात सहज वापरल्या जातात, पण संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत त्या पूर्वपरवानगीविना नेणे हा गुन्हा ठरू शकतो. शेजाऱ्याने आपल्या मुलासाठी दिलेले औषधांचे पुडके न तपासता नेऊ नये. आमसुलाच्या डब्याइतके ते निरुपद्रवी नसते.

खानदेशातून निघण्याची तयारी

धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नेहमीच्या लशी, रेबीज, धनुर्वात आणि सर्वसाधारण तपासण्या दोन्ही जिल्ह्यांत होऊ शकतात. मुंबई मात्र जळगावहून रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर दूर आहे. पीतज्वराची लस, व्हिसासाठीची क्षयरोग तपासणी किंवा आखाती देशांची वैद्यकीय तपासणी यांसाठी त्या प्रवाशाला किमान एक दिवस आणि एक रात्र खर्च करावी लागते, आणि नोंदणीचा दिवस मिळाला नाही तर दुसरी खेप होते. मुंबई-पुण्यातील प्रवासी ज्या गोष्टी शेवटच्या पंधरवड्यात उरकू शकतो, त्या येथील प्रवाशाला दीड-दोन महिने आधी सुरू कराव्या लागतात.

दिवसांचा हिशेब प्रस्थानाच्या तारखेपासून मागे करावा लागतो. उदाहरणार्थ, टांझानियाला जाणाऱ्या तंत्रज्ञाला पीतज्वराच्या लशीनंतर १० दिवस हवेत. त्याला गोवर-गालगुंड-रुबेलाचीही लस घ्यायची असेल, तर दोन्ही जिवंत लशी असल्याने त्या एकाच दिवशी तरी घ्याव्या लागतात किंवा त्यांच्यात चार आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. जळगावात एक लस घेऊन आठवड्याने मुंबईत दुसरीसाठी गेलेल्याला परत पाठवले जाऊ शकते. हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या क्रमाने सहा महिने घेतात. गर्भवती स्त्रियांना जिवंत लशी सामान्यतः देत नाहीत, त्यामुळे गर्भधारणेची शक्यता आधी सांगावी लागते.

बालपणीच्या लशींची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर असते. ते हरवले असल्यास जेथे लसी दिल्या त्या आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतून उतारा मिळू शकतो, पण वीस वर्षांपूर्वीची वही सापडेलच याची शाश्वती नसते. अशा वेळी डोस पुन्हा घेणे हाच व्यवहार्य मार्ग असतो. बहुतेक लशींच्या बाबतीत जादा डोसाने अपाय होत नाही. प्रवास विमा घेताना पूर्वीपासूनचे आजार लपवल्यास दावा नाकारला जातो. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत ही अडचण वारंवार उद्भवते.

परतल्यानंतर

हिवतापग्रस्त देशातून परतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत आलेला कोणताही ताप हिवतापाचा नाही हे सिद्ध होईपर्यंत हिवतापच समजावा, हा प्रवासवैद्यकातील सर्वमान्य नियम आहे. फाल्सिपेरमची लक्षणे चावा घेतल्यापासून साधारण आठवड्याने दिसू लागतात, म्हणजे रुग्ण बहुधा घरी पोहोचलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खानदेशात डेंग्यू, विषमज्वर आणि साध्या विषाणुजन्य तापाचे रुग्ण इतके असतात की दवाखान्यात आलेल्या तापाच्या रुग्णाला ‘गेल्या तीन महिन्यांत परदेशी गेला होता का’ हा प्रश्न विचारला जाईलच असे नाही. तो विचारला गेला नाही तरी रुग्णाने किंवा नातेवाइकाने देशाचे नाव आणि परतण्याची तारीख स्वतःहून सांगावी. रक्ताची पहिली तपासणी नकारार्थी आली तर १२ ते २४ तासांच्या अंतराने ती पुन्हा करावी लागते. एका तपासणीवर हिवताप नाकारता येत नाही. हजहून परतल्यानंतर दोन आठवड्यांत ताप व धाप लागल्यास यात्रेचा उल्लेख असाच करावा, कारण सौदी अरेबियात उंटांशी संबंधित मर्स कोरोना विषाणू आढळतो आणि त्याची शंका आल्यास रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावे लागते. प्रवासात सुरू केलेल्या हिवतापप्रतिबंधक गोळ्या ताप आला तरी डॉक्टरांना दाखवेपर्यंत थांबवू नयेत आणि त्यांचे पाकीट सोबत न्यावे. उपचारासाठी तेच औषध पुन्हा दिले जात नाही.